डॉ. रॉबर्ट बारानी

अंधारांत चालतांना पायाखालीं एखादा खडा येतो, देह किंचित् कलतो आणि मनांत विचार येण्यापूर्वींच आपण स्वतःस सावरतों. या कामीं डोळे, तळपाय, सांधे व स्नायू साहाय्य करितात. परंतु मस्तकाची अल्पशी हालचालही टिपणारें एक इंद्रिय कानाच्या अंतर्भागांत दडलेलें आहे. त्याची परीक्षा कशी करावी हें ज्यांनीं वैद्यांस शिकविलें, त्या डॉ. बारानी यांचें चरित्र विद्यार्थ्यांनीं अवश्य जाणावें असें आहे.

त्यांचा जन्म २२ एप्रिल १८७६ रोजीं व्हिएन्ना येथें झाला. बालपणीं अस्थिक्षयानें त्यांचा एक गुडघा कायमचा ताठर झाला. तरीही त्यांनीं डोंगरांतील भटकंती व टेनिसचा खेळ सोडला नाहीं. १९०० सालीं ते डॉक्टर झाले व पुढें कर्णरोगांच्या रुग्णालयांत काम करूं लागले.

तेथें पिचकारीनें कान धुतांना रोग्यांस घेरी येई व त्यांचे डोळे एकसारखे हालूं लागत. एका रोग्यानें पाणी फार थंड असल्याची तक्रार केली. पुढील खेपेस पाणी अधिक ऊन झालें. घेरी तेव्हांही आली. मात्र डोळ्यांची गति उलट दिशेची होती! दुसरा एखादा असल्या तक्रारीकडे दुर्लक्ष करिता. बारानी यांनीं तिचें मूळ शोधिलें. आंतल्या कानांत द्रवानें भरलेल्या तीन अर्धवर्तुळाकृति नलिका असतात. मस्तक वळलें कीं द्रव क्षणभर मागें राहतो आणि त्यावरून मेंदूस हालचाल कळते. ऊन किंवा थंड पाण्यानेंही हा द्रव हालतो, असा सिद्धान्त त्यांनीं मांडला. त्यामुळें प्रत्येक कानाची निराळी परीक्षा शक्य झाली. द्रवाचा प्रवाह हेंच एकमेव कारण नव्हे, असें १९८३ सालच्या अंतराळांतील प्रयोगांनीं दाखविलें. परंतु ती परीक्षा आजही उपयोगांत आहे.

पहिल्या महायुद्धांत त्यांनीं सैन्यांत शल्यवैद्याचें काम पत्करिलें. १९१५ च्या मार्चमध्यें प्शेमिश्ल् हा किल्ला पडला व ते रशियाचे कैदी होऊन तुर्किस्तानांतील मर्व्ह येथें गेले. तेथें त्यांस हिंवतापानें गांठलें. वैद्यकाचें १९१४ सालचें नोबेल पारितोषिक मिळाल्याची वार्ता त्यांना या बंदिवासांतच कळली! स्वीडनचे राजपुत्र कार्ल यांच्या मध्यस्थीनें १९१६ सालीं त्यांची सुटका झाली.

मायदेशीं मात्र सन्मानाऐवजीं सहकाऱ्यांचे आरोप वांट्यास आले. इतरांच्या संशोधनाचें श्रेय दिलें नाहीं, असें ते म्हणत. खिन्न होऊन बारानी १९१७ सालीं स्वीडनमधील उप्साला विद्यापीठांत गेले व तेथेंच ८ एप्रिल १९३६ रोजीं निवर्तले.

ज्याचा स्वतःचा गुडघा ताठर होता, त्यानें जगास तोलाचें रहस्य उलगडून दाखविलें. विद्यार्थ्यांनो, शरीराचें वैगुण्य, शत्रूची कैद आणि स्वजनांचा रोष या तिन्ही धक्क्यांनीं ज्यांच्या मनाचा तोल ढळला नाहीं, त्यांचें हें चरित्र नित्य स्मरणांत ठेवा.