यशवंतराव चव्हाण आणि गोव्याचा जनमत कौल

यशवंतराव बळवंतराव चव्हाण (१२ मार्च १९१३ – २५ नोव्हेंबर १९८४) हे महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री आणि पुढे केंद्रात संरक्षण, गृह, अर्थ व परराष्ट्र खात्यांचे मंत्री होते. त्यांचा जन्म देवराष्ट्रे येथे झाला. हे गाव तेव्हा सातारा जिल्ह्यात होते, आज ते सांगली जिल्ह्यात मोडते. वडिलांच्या निधनानंतर आई विठाबाई यांनी त्यांना वाढवले. कराड, कोल्हापूर व पुणे येथे त्यांचे शिक्षण झाले. १९४२ च्या आंदोलनात त्यांनी सातारा जिल्ह्यात भूमिगत राहून कार्य केले.

१९५६ मध्ये संसदेने द्वैभाषिक मुंबई राज्य निर्माण केले. त्यासाठी जनतेचा स्वतंत्र कौल घेतला गेला नाही. राज्यघटनेच्या तिसऱ्या अनुच्छेदानुसार राज्यांच्या सीमा बदलण्याचा अधिकार संसदेचाच आहे. चव्हाण या राज्याचे मुख्यमंत्री झाले. मात्र १९५७ च्या निवडणुकीत मतदारांनी न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर दिलेच. साताऱ्याची लोकसभेची जागा संयुक्त महाराष्ट्र समितीच्या पाठिंब्याने क्रांतिसिंह नाना पाटील यांनी जिंकली आणि खुद्द चव्हाण कराडमधून अल्प मताधिक्याने निवडून आले. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाले.

गोव्याच्या बाबतीत हाच प्रश्न उलट बाजूने उभा राहिला. १९६३ च्या निवडणुकीत विलीनीकरणवादी महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाला सत्ता मिळाली होती. तोच जनतेचा कौल असून विधानसभेचा ठराव पुरेसा आहे, असे विलीनीकरणवाद्यांचे म्हणणे होते. जॅक सिक्वेरा यांच्या युनायटेड गोवन्स पक्षाने स्वतंत्र मतदानाचा आग्रह धरला. सरकार निवडणे आणि आपला प्रदेशच दुसऱ्या राज्यात विलीन करणे या भिन्न गोष्टी आहेत, हा त्यांचा युक्तिवाद होता. राज्यघटनेत सार्वमताची तरतूद नसल्याने डिसेंबर १९६६ मध्ये संसदेने त्यासाठी वेगळा कायदा केला. त्या वेळी चव्हाण गृहमंत्री होते. विलीनीकरण हवे असलेल्या महाराष्ट्राच्या या नेत्याची स्थिती अर्थातच अवघड होती.

१६ जानेवारी १९६७ रोजी मतदान झाले. ‘फूल’ हे विलीनीकरणाचे, तर ‘दोन पाने’ हे केंद्रशासित राहण्याचे चिन्ह होते. विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० व विरोधात १,७२,१९१ मते पडली. केंद्राने निकाल स्वीकारला. विशेष म्हणजे त्यानंतर काही आठवड्यांतच गोमंतक पक्ष पुन्हा सत्तेवर आला. निवडणूक आणि कौल यांतील फरक त्यातून उघड झाला.

त्याच वर्षी चव्हाण सातारा मतदारसंघातून लोकसभेवर निवडून आले. त्यांची समाधी कराडला कृष्णा-कोयनेच्या प्रीतिसंगमावर आहे. गोवा ३० मे १९८७ रोजी स्वतंत्र राज्य झाले.