डॉ. भाऊ दाजी लाड आणि न सांगितलेलं औषध

रविवारी सकाळी तुम्ही नागावहून किंवा चौलहून रिक्षा करून दवाखान्यात येता आणि शटरवर कागद चिकटवलेला असतो. डॉक्टर सीएमईसाठी गेले आहेत, उद्या सकाळी भेटतील. तुम्ही वैतागता. सोमवारी कुणीतरी मला विचारतंच, की डॉक्टर, तुमचं शिक्षण कधीच झालं ना, मग अजून कसले क्लास?

प्रश्न रास्त आहे. सीएमई म्हणजे डॉक्टरांचं चालू शिक्षण. आम्हा डॉक्टरांच्या वर्तनाची नियमावली २००२ साली आली. तिच्यात लिहिलं आहे की प्रत्येक डॉक्टरने पाच वर्षांत किमान ३० तास अशा बैठकांना हजर राहावं. आपल्या महाराष्ट्रात नोंदणीचं नूतनीकरण करायचं तर हे गुण दाखवावे लागतात. बैठका भरवतात त्या बहुतेक डॉक्टरांच्या संघटना. एखादा तज्ज्ञ मुंबईहून किंवा पनवेलहून येतो, सर्पदंश, मधुमेह, लहान मुलांचा ताप अशा विषयांवर बोलतो, आम्ही प्रश्न विचारतो. काही भाषणं कंटाळवाणी असतात. जेवण चांगलं असतं. औषध कंपनीचा फलक मागे लावलेला असला की मी थोडा सावध होऊन ऐकतो, आणि तुम्हीही मला तसं विचारायला हरकत नाही.

पण मी जातो. का जातो हे सांगताना मला नेहमी एका जुन्या डॉक्टरांची गोष्ट आठवते. मुंबईत भायखळ्याच्या राणीच्या बागेत गेला असाल तर त्यांचं नाव तुम्ही पाहिलेलं आहे. बागेतल्या जुन्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाला १९७५ साली त्यांचं नाव दिलं गेलं. डॉ. भाऊ दाजी लाड.

मूळ नाव रामकृष्ण विठ्ठल लाड. जन्म १८२० च्या दशकातला, गोव्यात पेडणे भागातल्या मांद्रे गावचा. मुलगा बुद्धिबळात हुशार होता. एका इंग्रज माणसाने त्याचा खेळ पाहिला आणि वडिलांना आग्रह केला की याला इंग्रजी शिकवा. कुटुंब मुंबईला आलं, मुलगा एल्फिन्स्टन संस्थेत शिकला आणि पुढे तिथेच शिकवू लागला. काठेवाड आणि कच्छमध्ये नवजात मुलींना मारण्याची प्रथा होती. त्या विषयावर त्यांनी लिहिलेल्या निबंधाला बक्षीस मिळालं. चांगली चाललेली शिक्षकाची नोकरी होती. ती सोडून हे गृहस्थ पुन्हा विद्यार्थी झाले.

१८४५ साली मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झालं, शेजारी जे. जे. रुग्णालय. कॉलेजचे पहिले प्रमुख होते डॉ. चार्ल्स मोरहेड. पहिल्या तुकडीतून आठ जण पास होऊन बाहेर पडले, त्यांत भाऊ दाजी होते आणि पुढे प्रार्थना समाजाच्या स्थापनेत पुढे असलेले डॉ. आत्माराम पांडुरंगही होते. १८५१ पासून भाऊंनी स्वतंत्र व्यवसाय सुरू केला. मोरहेड यांना एक गोष्ट नीट कळली होती. पदवी घेऊन गेलेला मुलगा एकटा पडला की त्याचं ज्ञान गंजतं. म्हणून त्याच दशकात कॉलेजच्या पदवीधरांची एक सोसायटी उभी राहिली. तिथे जमायचं, आपण पाहिलेले रोगी आणि केलेले उपचार लिहून आणायचे, वाचायचे, आणि बाकीच्यांनी त्यातल्या चुका काढायच्या. आमच्या आजच्या सीएमईची ती पणजी म्हणा.

भाऊंचा दवाखाना फार चालला. धाकटे बंधू डॉ. नारायण दाजी हेही ग्रँट कॉलेजचेच डॉक्टर. दोघा भावांनी मिळून गरिबांसाठी मोफत दवाखाना चालवला. याखेरीज भाऊंनी काय काय केलं त्याची यादी देत बसलो तर लेख तिथेच संपेल. बॉम्बे असोसिएशनचे ते चिटणीस होते, मुलींच्या शाळांसाठी झटले, मुंबई विद्यापीठाचे सुरुवातीचे फेलो होते, दोनदा मुंबईचे शेरीफ झाले. अजिंठ्याचे शिलालेख वाचले, कालिदासाच्या काळावर लिहिलं. रोगी तपासून उरलेल्या वेळात हे सगळं कसं जमलं असेल, हे मला खरोखर समजत नाही. मला रात्री वर्तमानपत्रही पुरं वाचून होत नाही.

तुमच्या दृष्टीने त्यांच्या आयुष्यातल्या दोन घटना महत्त्वाच्या आहेत.

पहिली १८६२ सालची. करसनदास मुळजी या पत्रकाराने वल्लभ संप्रदायाच्या काही महाराजांच्या वर्तनावर टीका केली होती, म्हणून त्यांच्यावर मुंबईच्या सर्वोच्च न्यायालयात अब्रुनुकसानीचा खटला झाला. त्यात डॉक्टरांना साक्षीला बोलावलं. आपल्याकडे उपचाराला आलेल्या महाराजांच्या गुप्तरोगाबद्दल भाऊंनी शपथेवर साक्ष दिली. निकाल करसनदासांच्या बाजूने लागला. समाजाच्या दृष्टीने ते धाडस होतं यात शंका नाही. पण डॉक्टर म्हणून मी तो प्रसंग वाचतो तेव्हा जरा थबकतो. रोग्याने विश्वासाने दाखवलेली गोष्ट चारचौघांत सांगणं सोपं नसतं. आजचा आमचा नियम असा आहे की तुमचं गुपित मी फोडायचं नाही. न्यायाधीशाने न्यायालयात आदेश दिला, किंवा न सांगितल्याने दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका असेल, तर त्याला अपवाद आहेत. तुमच्या सूनबाईंनी फोन करून विचारलं म्हणून तुमचा रिपोर्ट मी सांगत नाही. त्यावर रागावू नका.

दुसरी घटना कुष्ठरोगाची. ती आपल्या किनाऱ्याशी जोडलेली आहे.

त्या काळी महारोग म्हणत तो हा आजार कोकणात आणि मुंबईत खूप होता. औषध नव्हतं. माणसाला घराबाहेर काढत, तो देवळाच्या किंवा धर्मशाळेच्या पायरीवर बसे. भाऊ संस्कृत जाणत होते, म्हणून त्यांनी जुने वैद्यकग्रंथ धुंडाळले. सुश्रुतसंहितेत कुष्ठावर तुवरक नावाच्या झाडाचं तेल सांगितलं आहे आणि हे झाड पश्चिम समुद्राच्या काठच्या प्रदेशात वाढतं असंही म्हटलं आहे. आपल्याकडे ओढ्याकाठी, सावलीत वाढणारं कडू कवठ तुम्ही पाहिलं असेल. कठीण कवचाचं गोल फळ, आत तेलकट बिया. त्याच बियांचं तेल. १८६० च्या दशकाच्या उत्तरार्धात भाऊंनी या औषधाने कुष्ठरोगी तपासायला आणि बरे करायला घेतले. काहींचे चट्टे मावळत आहेत, जखमा भरत आहेत, अशी बातमी पसरली आणि लांबून रोगी येऊ लागले.

आणि भाऊंनी औषध काय आहे ते सांगितलं नाही.

मुंबईच्या डॉक्टरांत यावरून मोठा वाद झाला. ग्रँट कॉलेजात शिकलेला, शास्त्राचा पुरस्कार करणारा माणूस गुप्त औषध देतो, हे अनेकांना पटलं नाही. घटक सांगा, रोगी दाखवा, आम्हालाही करून पाहू द्या, अशी मागणी होती. भाऊंना आधी आपले प्रयोग पुरे करायचे होते, अर्धवट गोष्ट जगापुढे ठेवायची नव्हती, असं त्यांच्या बाजूने म्हणता येतं. पैशासाठी त्यांनी लपवलं असं मला वाटत नाही. फुकट औषध देणारा तो माणूस. पण प्रयोग पुरे व्हायला आयुष्य पुरेल अशी खात्री कुणाला असते? त्यांना पक्षाघात झाला आणि १८७४ च्या मे महिन्यात ते गेले. या औषधाबद्दलचं त्यांचं निरीक्षण, किती रोग्यांना किती मात्रा दिली, कुणाला गुण आला, कुणाला आला नाही, कुणाला उलट्या झाल्या, हे त्यांच्या हातून व्यवस्थित प्रसिद्ध झालं नाही.

यात काय बिघडलं ते पाहा. कडू कवठाच्या जातीच्या झाडांचं तेल पुढे जगभर कुष्ठरोगावर वापरलं गेलं. पोटात घेतलं तर मळमळ इतकी होई की रोगी औषध सोडून देत. १९१५ च्या सुमारास हवाईमध्ये ॲलिस बॉल या तरुण रसायनशास्त्रज्ञ मुलीने चौलमुगरा तेलापासून टोचता येईल असं रूप तयार केलं. १९४० च्या दशकात सल्फोन गटाची औषधं येईपर्यंत हेच तेल मुख्य आधार होतं. त्याचा गुण मर्यादित होता, पण दुसरं काही नव्हतं. भाऊंची वही त्यांच्या हयातीत मुंबईच्या डॉक्टरांसमोर उघडली असती तर तेलाचे गुण आणि मर्यादा दोन्ही लवकर कळल्या असत्या. ग्रँट कॉलेजात शिकवलेले दुसरे एक डॉक्टर होते व्हँडाइक कार्टर, ग्रेच्या प्रसिद्ध शरीररचनाशास्त्राची चित्रं काढणारे. कुष्ठरोगाचा अभ्यास करायला ते १८७३ साली नॉर्वेला गेले आणि हॅन्सन यांनी शोधलेल्या जंतूची माहिती त्यांना तिथेच मिळाली. एकाच काळात जंतूचा माग काढणारा एक डॉक्टर आणि औषधाचा माग काढणारा दुसरा, आणि दोघांच्या वह्या एका टेबलावर आल्या नाहीत.

ज्यांची मुलं अमेरिकेत आहेत असे रुग्ण मला कधी विचारतात, की तिकडच्या फॅमिली डॉक्टरच्या नावापुढे एमडी नसून डीओ आहे, तो खरा डॉक्टर ना? हो. अमेरिकेत डीओंना एमडीइतकेच अधिकार आहेत. भाऊ गेले त्याच १८७४ साली अँड्र्यू टेलर स्टिल या डॉक्टराने ऑस्टिओपॅथीचा विचार मांडला. त्याच्या सगळ्या कल्पना टिकल्या नाहीत. पण १८९२ साली त्याने मिसुरी राज्यात शाळा काढून उघडपणे शिकवायला सुरुवात केली आणि १८९७ साली त्या डॉक्टरांची संघटना झाली. उघड्यावर असल्यामुळे पुढच्या पिढ्यांना त्यातलं चुकीचं टाकून देता आलं, नवं जोडता आलं. आज तेही आमच्यासारखेच चालू शिक्षणाचे तास भरतात.

आता आपल्या दवाखान्यातली गोष्ट. समुद्रावर जाणारे एक काका काही वर्षांपूर्वी माझ्याकडे आले ते करंगळी वाकडी झाली म्हणून. दंडावर फिकट चट्टा होता, त्याला टाचणीचा स्पर्श कळत नव्हता. कुणीतरी दिलेली पुडी ते आठ महिने खात होते. पुडीत काय आहे विचारलं, तर देणाऱ्याने सांगितलं नव्हतं, सांगितलं तर गुण जातो म्हणे. त्या आठ महिन्यांत कोपरामागची नस गेली होती. निदान आठ महिने आधी झालं असतं तर बोट बहुधा वाचलं असतं.

आमच्या त्याच नियमावलीत घटक माहीत नसलेलं गुप्त औषध देणं डॉक्टरला सरळ मना आहे. म्हणून मी, दुसरा कुणी डॉक्टर, वैद्य किंवा ओळखीचा माणूस जे काही देईल, त्याचं नाव विचारा आणि चिठ्ठीवर लिहून घ्या. नाव सांगायला जो तयार नाही त्याचं औषध घेऊ नका, तो कितीही भला माणूस असला तरी.

अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा असेल, तो खाजत नसेल, तिथे गरम-गार किंवा स्पर्श कमी कळत असेल, हातापायाला मुंग्या येत असतील, भुवया विरळ होत असतील, कानाच्या पाळ्या जाड वाटत असतील, तर जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा किंवा आशाताईंना सांगा. उपचार फुकट आहेत. चट्टे आणि नसा किती आहेत त्यावर औषध सहा किंवा बारा महिने चालतं, आणि पहिल्या काही मात्रांनंतरच रोग्यापासून दुसऱ्याला लागण होण्याची भीती जवळजवळ संपते. घरातल्या माणसांनाही तपासून, गरज असेल तर रिफॅम्पिसिनची एक मात्रा देतात. ताट वेगळं करायची, अंथरूण वेगळं करायची काही गरज नाही.

काकांनी बारा महिने औषध पुरं केलं. चट्टा गेला, बोट तसंच राहिलं. ते रोज हात पाण्यात भिजवून खोबरेल चोळतात, गरम भांडं उचलताना फडकं घेतात आणि जाळं ओढताना हातमोजा घालतात, कारण त्या बाजूला दोरीने कापलेलं त्यांना कळत नाही.