कावसजी नायगमवाला : तेजोमेघातील हिरव्या रेषेचा शोध घेणारे पुण्याचे खगोलशास्त्रज्ञ

दूरच्या ताऱ्यात कोणती मूलद्रव्ये आहेत, हे त्याच्या प्रकाशावरून कळते. वर्णपटात दिसणाऱ्या बारीक रेषा प्रत्येक मूलद्रव्यासाठी ठरलेल्या जागी असतात. भारतात या पद्धतीने आकाशाचा अभ्यास सुरू करणाऱ्यांमध्ये कावसजी दादाभाई नायगमवाला (१८५७–१९३८) यांचे नाव अग्रभागी आहे.

मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात ते शिकले आणि तिथेच शिकवू लागले. १८८४ मध्ये ते इंग्लंडला गेले. सूर्यप्रकाशात हेलियम ओळखणारे नॉर्मन लॉकियर यांनी त्यांना वर्णपटांसाठी वेधशाळा उभारण्याचा सल्ला दिला. भावनगरचे महाराजा तख्तसिंगजी यांची देणगी आणि मुंबई सरकारची मदत यांतून १८८८ मध्ये पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये ही वेधशाळा उभी राहिली. ग्रब कंपनीची तिची २० इंची दुर्बीण पुढे अनेक दशके भारतातील सर्वांत मोठी दुर्बीण होती.

त्या काळी मृग नक्षत्रातील तेजोमेघाच्या वर्णपटातील एका हिरव्या रेषेवरून वाद पेटला होता. लॉकियर म्हणत, ही मॅग्नेशियमच्या पट्ट्याची कडा आहे. विल्यम हगिन्स यांना ते मान्य नव्हते. पट्ट्याची कडा असेल, तर रेषा एका बाजूला पुसट व्हायला हवी. नायगमवालांनी पुण्यातून ती तपासली, तेव्हा ती प्रत्येक वेळी रेखीवच दिसली. निष्कर्ष आपल्या मार्गदर्शकाच्या विरोधात जात होता, तरीही त्यांनी तो लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केला.

२२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणात चंद्राची सावली विजयदुर्गाकडून कऱ्हाड परिसरावरून सोलापूर जिल्ह्यातील जेऊरकडे सरकली. लॉकियर विजयदुर्गावर होते, तर नायगमवाला आपल्या तुकडीसह जेऊरला. जेमतेम दोन मिनिटांच्या अंधारात त्यांनी सूर्याच्या बाह्य आवरणाचे वर्णपट टिपले.

१९१२ मध्ये ते निवृत्त झाले. वेधशाळा बंद झाली आणि उपकरणे कोडाईकनालला गेली. हिरव्या रेषेचे कोडे १९२७ मध्ये अमेरिकेतील आयरा बोवेन यांनी सोडवले : ती रेषा दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनची होती. म्हणजे नायगमवालांचे निरीक्षण बरोबर होते; मॅग्नेशियमचा तिच्याशी संबंध नव्हता.

आज मधल्या ताऱ्याच्या गुरुत्वाकर्षणामुळे काही दिवस उजळणाऱ्या मंद ताऱ्यांचेही वर्णपट घेतले जातात. प्रकाश वाढवून देणारे हे भिंग नवे आहे. मूलद्रव्य ओळखण्याची रीत मात्र नायगमवालांच्या वेळचीच, रेषा वाचण्याची.