बाजरीची भाकर आणि पंडिता रमाबाई

शब्बाथ शाळेत चांगल्या शोमरोन्याचा धडा घेतला की एखादे मूल हमखास विचारते, याजक आणि लेवी थांबले नाहीत, मग शोमरोनीच का थांबला? या प्रश्नापुढे आम्ही अनेकदा अडलो आहोत. अशा वेळी पंडिता रमाबाईंच्या चरित्राचा आम्हांला फार उपयोग झाला.

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे गाढे विद्वान. तीर्थोतीर्थी पुराण सांगून जे मिळे, ते पुण्यासाठी दानधर्मात जाई. १८७४ च्या सुमारास दक्षिणेत दुष्काळात या कुटुंबाची अन्नान्नदशा झाली. वडील गेले. आई तापात भ्रमली व बाजरीची भाकर मागू लागली. रमाबाई शेजारच्या ब्राह्मण बाईकडे गेल्या खऱ्या, पण शास्त्र्यांच्या मुलीच्या तोंडून मागणे निघेना. अश्रू आवरीत त्या नुसत्याच उभ्या राहिल्या. त्या माउलीने मनातले ओळखले, आपणहून विचारले आणि भाकर दिली. आईला मात्र ती खाववली नाही. थोड्याच दिवसांत ती वारली; पाठोपाठ थोरली बहीणही गेली.

सोसलेल्याला दुसऱ्याचे दुःख कळते, असे आपण म्हणतो. ते अर्धेच खरे आहे. सोसून कडवट झालेली माणसेही आपल्या मंडळ्यांत आहेत आणि कधी कधी आम्हीही त्यांतलेच असतो.

रमाबाई १८८३ साली इंग्लंडला गेल्या. तेथे वाँटेजच्या भगिनींनी त्यांना लंडनमधील फुलम येथील आपले काम दाखविले. समाजाने पतित म्हणून टाकलेल्या स्त्रियांना तेथे प्रेमाने जवळ केले जात होते. या भगिनी असे का करतात, हाच प्रश्न रमाबाईंनी विचारला. उत्तरादाखल त्यांना योहानातील शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखविण्यात आली. पुण्यासाठी दिलेले दान त्यांनी बालपणापासून पाहिले होते. हे काही वेगळे होते. अर्थात, त्या शेजारणीने भाकर देताना तरी पुण्याचा हिशेब कोठे केला होता?

१८९६ साली मध्य प्रांतात दुष्काळ पडला. आमचे सावरगाव त्या काळी याच प्रांतात मोडे. रमाबाईंच्या हाती पैसा नव्हता. अमेरिकेतील मंडळाने शारदा सदनासाठी दहा वर्षे मदत देण्याचे कबूल केले होते, ती मुदतही संपत आली होती. न जाण्यास कारणे भरपूर होती. याजकापाशीही ती असतीलच! पण आईबापांचे ते शेवटचे दिवस त्यांना स्वस्थ बसू देईनात. त्या गेल्या आणि सुमारे ३०० मुली व स्त्रिया घेऊन आल्या.

पुण्यात प्लेगचे दिवस होते. मुलींना तेथे ठेवता येईना. म्हणून त्यांना केडगावच्या शेतावर नेले. तेथेच मुक्ती सदन उभे राहिले. उपासाने खंगलेल्या त्या मुलींना सांभाळायला आणि अक्षरे शिकवायला ज्या पुढे आल्या, त्यांत शारदा सदनातल्या विधवा होत्या. काही वर्षांपूर्वी त्याही कोणाला तरी नकोशा झाल्या होत्या.