संगीतसूर्य केशवराव भोसले

संमेलनातील स्पर्धा आटोपून बक्षीससमारंभ झाला, म्हणजे विद्यार्थ्यांच्या वादास खरा रंग चढतो. कोणत्या पथकाची लेझीम अधिक एकतालात होती, ढोल कोणाचा चुकला, परीक्षकांनी गुण कसे दिले, याची चर्चा पुढे कित्येक दिवस चालते. आणि पालकमंडळीही तीत मागे राहत नाहीत. आमच्या वाचकांना हा प्रकार नवा नाही. परंतु महाराष्ट्रात एका रात्रीच्या सामन्याविषयीचा असाच वाद शंभर वर्षे लोटली तरी मिटलेला नाही, आणि त्या सामन्यास तर कोणी परीक्षकही नेमलेला नव्हता. त्या रात्रीच्या दोन नायकांपैकी एकाचे नाव बालगंधर्व. त्यांच्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. आम्ही आज दुसऱ्याचे चरित्र सांगणार आहोत.

केशवराव भोसले यांचा जन्म ९ ऑगस्ट १८९० रोजी कोल्हापुरात झाला. पितृछत्र बालपणीच हरपले, घरी दारिद्र्य होते आणि मुलांच्या पोटाचा प्रश्न होता. त्या काळी गोड गळ्याच्या गरीब मुलास नाटक मंडळी हा एक आसरा असे. तेथे दोन वेळचे अन्न मिळे आणि गाण्याची तालीमही मिळे. हाच मार्ग केशवरावांच्या वाट्यास आला. जनुभाऊ निमकर यांच्या स्वदेशहितचिंतक मंडळीत ते गेले तेव्हा आजची मुले बालवर्गातही जात नाहीत इतके त्यांचे वय होते. शालेय शिक्षण असे त्यांना लाभलेच नाही. पण ज्या गोष्टी पाठ करावयाच्या त्या कानाने पाठ करण्याची त्यांची शक्ती असामान्य होती.

गोविंद बल्लाळ देवल यांचे 'शारदा' नाटक १८९९ मध्ये रंगभूमीवर आले. म्हाताऱ्या वराशी कोवळ्या मुलीचे लग्न लावण्याच्या दुष्ट चालीवर ते लिहिलेले आहे. शारदेची भूमिका पुढे बाल केशवाने केली आणि तो एकाएकी सर्वतोमुखी झाला. प्रेक्षकांसमोर खरोखरच एक कोवळे मूल उभे राहून गात असल्यामुळे नाटकातील अन्याय त्यांच्या अंतःकरणास अधिक झोंबला असावा, असे आम्हांस वाटते. दहाबारा वर्षांच्या वयात एवढी कीर्ती मिळाली की माणूस सहसा बिघडतो. केशवराव मात्र गाणे शिकत राहिले. पुढे रामकृष्णबुवा वझे यांच्यासारख्या करड्या गुरूची तालीम त्यांनी घेतली. वझेबुवांच्या हाताखाली टिकून राहणे हीच मुळी एक परीक्षा होती.

१ जानेवारी १९०८ रोजी हुबळी येथे केशवरावांनी स्वतःची 'ललितकलादर्श' नाटक मंडळी स्थापन केली. त्या वेळी त्यांचे वय अवघे सतरा वर्षांचे होते. ज्या वयात आमचे विद्यार्थी मॅट्रिकची काळजी वाहत, त्या वयात या तरुणाच्या शिरावर नटांचा, वादकांचा, आचाऱ्यांचा आणि सामानसुमानाचा भार पडला. नाटक मंडळी म्हणजे एक फिरते गावच. गावोगाव बिऱ्हाड हलवावयाचे, खेळ पडला तरी सर्वांना जेवू घालावयाचे, आणि रात्री पुन्हा स्त्रीवेष करून गावयाचे. हे सर्व केशवरावांनी तेरा वर्षे निभावले.

आम्हां वऱ्हाडवासीयांस अभिमान वाटावा अशी एक गोष्ट येथे सांगितली पाहिजे. अमरावतीचे देशभक्त वीर वामनराव जोशी यांचे 'राक्षसी महत्त्वाकांक्षा' हे नाटक ललितकलादर्शने १९१३ मध्ये रंगभूमीवर आणले आणि त्यातील मृणालिनीची भूमिका केशवरावांनी केली. नाटककार वऱ्हाडचा आणि नट कोल्हापूरचा असा हा संयोग होता. वामनरावांची लेखणी तेजस्वी होती व केशवरावांचा गळाही तसाच होता. तेव्हा हे नाटक गाजले यात नवल नाही. त्यानंतर मामा वरेरकरांची 'हाच मुलाचा बाप' (१९१६) आणि 'संन्याशाचा संसार' (१९१९) ही नाटके त्यांनी केली. पहिल्यात हुंड्याच्या चालीवर प्रहार आहे. सामाजिक प्रश्नांवरील नव्या लेखकाची नाटके घेणे हे त्या काळी धाडसच होते, कारण पौराणिक कथा व जुनी पदे यांवर पैसा हमखास मिळत असे. रंगमंचावर मखमली पडदा आणून व नेपथ्याकडे विशेष लक्ष देऊन केशवरावांनी नाटकाचे बाह्यांगही पालटले.

आता त्या रात्रीकडे वळू. किर्लोस्कर मंडळीतून बाहेर पडून बालगंधर्वांनी १९१३ मध्ये गंधर्व नाटक मंडळी काढली होती. तेव्हापासून महाराष्ट्रातील नाट्यरसिकांचे जणू दोन तट पडले. बालगंधर्वांचे गाणे मृदू, लयीत भिजलेले, ऐकणाऱ्यास अलगद आपल्याकडे ओढून घेणारे. केशवरावांचे गाणे उंच पट्टीचे, पल्लेदार, चपल तानांचे, ऐकणाऱ्यास उभे करणारे. श्रेष्ठ कोण, हा प्रश्न घरोघरी झडू लागला. त्यात जातीचा व प्रांताचा अभिमानही काही जणांनी मिसळला, हे आम्हांस दुःखाने नमूद करावे लागते. स्वतः त्या दोघांत वैर नव्हते.

लोकमान्य टिळक १ ऑगस्ट १९२० रोजी दिवंगत झाल्यावर त्यांच्या नावाने स्वराज्य फंड उभारण्यात आला व एक कोटी रुपये जमविण्याचा संकल्प सोडण्यात आला. या फंडाच्या साहाय्यार्थ दोन्ही मंडळ्यांनी एकत्र येऊन कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे 'मानापमान' करावयाचे ठरले. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईच्या बालीवाला थिएटरात हा प्रयोग झाला. बालगंधर्व भामिनी झाले आणि केशवराव धैर्यधर. पुढच्या जागांची तिकिटे शंभर रुपयांची होती असे सांगतात. त्या काळी एवढ्या रकमेत एखादे कुटुंब कित्येक महिने सुखाने राहिले असते. तरीही थिएटर तुडुंब भरले.

निवाडा कसा व्हावयाचा होता? टाळ्या आणि 'वन्समोअर' यांखेरीज दुसरे मोजमाप नव्हते. ज्याच्या पदास वन्समोअर अधिक, तो विजयी, असे दोन्ही पक्षांनी मनाशी धरले होते. आणि प्रयोगानंतर दोन्ही पक्षांनी आपापलाच नायक जिंकल्याचे सांगितले! केशवरावांच्या बाजूचे म्हणत की त्या रात्री धैर्यधराने नाटकच जिंकून नेले. बालगंधर्वांच्या बाजूचे म्हणत की भामिनीच्या एका हळुवार स्वरापुढे सर्व ताना फिक्या पडल्या. आठवणी लिहिणारे पुष्कळ झाले, पण ज्याने जो पक्ष धरून तिकीट काढले होते, तो बहुधा त्याच पक्षाचा राहून घरी परतला.

आमच्या मते हा सामना मुळातच विषम होता. भामिनी ही धनिकाची मानी कन्या; तिचे मन हळूहळू पालटते. धैर्यधर हा शूर पण निर्धन सेनापती. त्याचे गाणे आवेशाचे असणारच. भिन्न स्वभावाच्या दोन पात्रांची पदे एका काट्याने तोलणे म्हणजे ढोल व सनई यांना एकाच पंक्तीत बसवून गुण देण्यासारखे आहे. शिवाय टाळी आणि उत्तम गाणे यांचा नेहमीच मेळ बसतो असे नाही. उंच स्वरास टाळी चटकन पडते आणि हळुवार जागेवर सभागृह स्तब्ध होते. ती स्तब्धता कोणत्या रकान्यात मांडावयाची? याउलट केशवरावांच्या पक्षाचे एक म्हणणे आम्हांस ग्राह्य वाटते. भामिनी ही बालगंधर्वांची १९११ पासूनची, म्हणजे नाटकाच्या जन्मापासूनची भूमिका होती. तिच्यासमोर तोडीस तोड उभे राहणे हे सोपे काम नव्हते, आणि केशवराव उभे राहिले हे त्यांचे प्रतिस्पर्धीही नाकारीत नसत.

कोल्हापुरास खासबागेत राजर्षी शाहू महाराजांनी बांधविलेला कुस्तीचा आखाडा आहे आणि त्यास लागूनच महाराजांचे नाट्यगृह आहे. कुस्तीत पाठ मातीस लागली की वाद संपतो. शेजारच्या नाट्यगृहात मात्र पाठ कोणाचीच मातीस लागत नाही. आमच्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथक १९३६ मध्ये बर्लिन येथील ऑलिंपिकच्या वेळी गेले, तेही आपले देशी खेळ दाखविण्यास, पदकासाठी नव्हे. तरी पाहणाऱ्यांच्या ते स्मरणात राहिले. त्या रात्रीच्या 'मानापमाना'चा पैसा फंडात जमा झाला, हा एक निकाल मात्र निर्विवाद होता.

पुढे काळाने या वादात पक्षपात केला असे म्हणावे लागते. संयुक्त 'मानापमाना'नंतर तीन महिने झाले नाहीत तोच केशवरावांना विषमज्वराने गाठले आणि ४ ऑक्टोबर १९२१ रोजी पुण्यात त्यांचा अंत झाला. वय एकतीस वर्षे! नुकतीच त्यांनी 'शहा शिवाजी' नाटकात शिवरायांची भूमिका केली होती. स्त्रीभूमिकांतून पुरुषभूमिकांकडे वळलेला हा नट आणखी काय करता, हे आता कोण सांगणार? बालगंधर्वांस १९६७ पर्यंत आयुष्य लाभले. त्यांच्या ध्वनिमुद्रिका घरोघर पोहोचल्या आणि नव्या पिढीचे कान त्या स्वरांवर घडले. केशवरावांच्या आवाजाचा ठेवा त्या मानाने फारच अल्प. तेव्हा आज जो कोणी या दोघांची तुलना करील, त्याच्यासमोर एका बाजूस प्रत्यक्ष स्वर आहे आणि दुसऱ्या बाजूस बहुतांशी वृद्धांच्या आठवणी. अशा स्थितीत दिलेला निकाल आम्ही तरी मानीत नाही.

ललितकलादर्श बुडाली नाही. बापूराव पेंढारकरांनी ती सांभाळली, १९२२ मध्ये वरेरकरांचे 'सत्तेचे गुलाम' रंगभूमीवर आणले आणि त्यांच्यामागून त्यांचे पुत्र भालचंद्र पेंढारकर यांनी तो वारसा चालविला. कोल्हापूरच्या त्या नाट्यगृहास १९५७ मध्ये केशवरावांचे नाव देण्यात आले. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री त्यास भीषण आग लागली. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती.