शब्दांनी छळणारा माणूस

मी पडले कॉन्व्हेंटची. माझं मराठी सुधारावं म्हणून आजोबांनी मला पेपरातल्या शब्दकोड्याला जुंपलं. मी काय करायचे, तर दुसऱ्या दिवशीचं उत्तर बघून चौकोन भरायचे! आजोबा चिडायचे. पण कोड्यांच्या नादात एक भन्नाट माणूस मात्र सापडला.

एडवर्ड पोइस मॅथर्स. जन्म १८९२, शिक्षण ऑक्सफर्डच्या ट्रिनिटी कॉलेजात. तसा तो कवी आणि अनुवादक. आपल्या संस्कृतमधल्या बिल्हणाच्या ‘चौरपंचाशिके’चं त्याने १९१९ मध्ये इंग्रजी रूपांतर केलं होतं.

शब्दकोडं जन्मलं १९१३ साली, न्यूयॉर्कच्या एका वर्तमानपत्रात. पुढच्या दशकात ते वेड इंग्लंडमध्ये पोचलं. तेव्हा बहुतेक वेळा डिक्शनरीतला अर्थ द्यायचा आणि शब्द ओळखायचा, एवढंच असायचं. मॅथर्सला हे फारच मिळमिळीत वाटलं असणार. कारण त्याने सगळ्याच सूचना फसव्या करून टाकल्या. १९२६ पासून तो ‘ऑब्झर्व्हर’ मध्ये कोडी द्यायला लागला. टोपणनाव घेतलं टॉर्केमाडा! हा स्पेनमधला धर्मन्यायालयाचा प्रमुख, छळासाठी कुप्रसिद्ध. मॅथर्सने शब्द निवडायचे, बायको रोझमंडने ते चौकोनात बसवायचे आणि मग याने सूचना लिहायच्या, अशी घरगुती फॅक्टरी होती.

फसवी सूचना म्हणजे काय? ही माझी बघा: ‘नदी उलटी वाहिली की गरीब (दोन अक्षरं).’ आपण गंगा, गोदा, तापी करत बसतो. पण ‘नदी’ हाच शब्द उलटा करा : दीन! उत्तर पहिल्यापासून डोळ्यांसमोरच होतं. आपण फसलो याचाच आनंद होतो, ही यातली गंमत.

१९३४ मध्ये तर त्याने कहर केला. ‘केन्स जॉबोन’ या रहस्यकथेची १०० पानं मुद्दाम उलटसुलट छापली. पानं नीट लावायची आणि सहा खून कोणी कोणाचे केले ते सांगायचं! १०० फॅक्टोरियल म्हणजे १५८ अंकी संख्या, तेवढे पर्याय. तिथे फक्त चिकाटी आणि डोकं चालतं. २०२० मध्ये जॉन फिनेमोर या विनोदी लेखकाने घरात अडकलेलं असताना ते सोडवलं. मॅथर्स मात्र १९३९ मध्ये, वयाच्या ४६ व्या वर्षीच गेला होता.

आता खरं सांगते. मागच्या सेमला मला मॅथ्समध्ये केटी लागली. सोडवलेले पेपर पाठ करून गेले होते, आकडे बदलले आणि माझी विकेट पडली. तेव्हा आजोबा का चिडायचे ते कळलं. उत्तर मिळणं आणि उत्तर सुचणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

हल्ली मी गणित सोडवताना शेवटच्या पानावरची उत्तरं स्टेपल करून टाकते. आणि रविवारी आजोबांना माझ्या सूचना देते. परवा एका सूचनेवर ते पाऊण तास अडकले होते. काय बरं वाटलं म्हणून सांगू!