व्यसनमुक्तांच्या मॅडम : डॉ. अनिता अवचट

यंदाच्या स्मरणिकेसाठी प्रत्येकीने एका थोर स्त्रीचे चरित्र लिहावयाचे ठरले. मी डॉ. अनिता अवचट यांचे घेतले. दारूने पोळलेली घरे आपल्या गल्लीतही आहेत, म्हणून.

बाई मनोविकारतज्ज्ञ. घरी त्यांना सुनंदा म्हणत. पती अनिल अवचट हेही डॉक्टर, पण ते लेखणीकडे वळले, तेव्हा संसाराचा भार बाईंच्या नोकरीवर आला. पतींनी गर्दच्या व्यसनावर लेखमाला लिहिली. ती वाचून पु. ल. देशपांडे व सुनीताबाई यांनी पैशाचे साहाय्य केले, आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात मुक्तांगण सुरू झाले. गर्दवाल्यांच्या मागोमाग दारूचे रोगीही येऊ लागले. सगळे बाईंना मॅडम म्हणत.

खरी कसोटी पुढेच होती. बरा होऊन घरी गेलेला माणूस पुन्हा पिऊन दारात उभा राही. गडकऱ्यांच्या 'एकच प्याला'तला सुधाकर दारू सोडतो, पुन्हा पितो आणि सिंधूच्या संसाराची माती होते. १९१९ पासून रंगभूमीवर आपण हेच पाहत आलो. पुन्हा प्याला, म्हणजे संपला! गिरण्या चालू होत्या तेव्हा आपल्या सोलापुरात पगाराच्या दिवशी शपथा कशा मोडत, ते माझी आई सांगे.

बाईंनी याकडे डॉक्टरच्या नजरेने पाहिले. अंगाची थरथर काही दिवसांत थांबते, पण मनाची ओढ वर्षानुवर्षे दबा धरून असते. दमा उलटला तर आपण रोग्याला बेशरम म्हणतो का? तसेच हे. म्हणून घसरलेल्याला त्या पुन्हा दाखल करून घेत. कशाने पाय घसरला, भांडण, जुना मित्र की हातात आलेला पैसा, हे त्याच्याशी बसून शोधीत. मात्र एक घोटही चालेल, अशी सवलत नाही. घरी गेल्यावरही भेटीस येत राहावयाचे. बायकांनाही बोलावीत, कारण नवऱ्याबरोबर त्याही आजारी पडलेल्या असतात. मला हे सर्वांत मोलाचे वाटते.

पुढे बाईंनाच कर्करोगाने गाठले. उपचार घेत त्या काम करीत राहिल्या. १९९७ साली त्या गेल्या. कन्या मुक्ता पुणतांबेकर यांनी काम पुढे चालविले. व्यसनातून सुटलेले कित्येकजण तेथेच कार्यकर्ते झाले, आणि पुन्हा घसरून आलेल्याजवळ आता तेच बसतात.